स्वित्झर्लंड सहकुटुंब: रोज नवं गाव नको, तीनच घरं (नियोजनाचा धागा)

धाकटी सून:

पुढच्या वर्षी आम्ही अकराजण मिळून स्वित्झर्लंडला जायचं म्हणतोय. सासू-सासरे सत्तरीपुढचे, माझी आई, मोठे दीर-जाऊबाई, नणंद, आम्ही दोघं आणि तीन मुलं. पुतणी पंधरा वर्षांची, माझा मोठा नऊचा, धाकटा तीनचा. आईच्या गुडघ्यांना जिने चालत नाहीत. सासरे रोज तासभर फिरतात, पण सकाळी त्यांना निवांत आवरायचं असतं आणि मागे लागलेलं अजिबात आवडत नाही.

बऱ्याच टूर्सचे कार्यक्रम वाचून पाहिले. एका गावी एक रात्र, दुसऱ्या गावी दोन, पहाटे बॅगा खोलीबाहेर, आठला बस. युंगफ्राऊयोखला, म्हणजे बर्फातल्या उंच डोंगरी स्टेशनला, कोणत्या तारखेला जायचं ते चार महिने आधी ठरलेलं. त्या दिवशी वर ढग असले तर अकराजणांनी एवढे पैसे भरून पांढरा पडदा बघून यायचं. हे मला पटत नाही.

म्हणून मी तीन मुक्कामांचा घाट घातलाय. झुरिचला उतरायचं आणि जिनिव्हाहून परतायचं, म्हणजे मागे येण्यात दिवस जात नाही. पहिल्या चार रात्री लुझर्न, मग सहा रात्री इंटरलाकेनच्या आसपास, शेवटच्या चार रात्री जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो किंवा व्हेवे. तिन्हीकडे स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर. सकाळी उठून डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघायचं आणि मग ठरवायचं: आकाश मोकळं असेल तर वर, नसेल तर बोट, संग्रहालय किंवा नुसतं गावात फिरणं.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं कारण म्हणजे सगळ्यांनी सगळीकडे जायचं नाही. तरुण मंडळी डोंगरावर, आजी-आजोबा तळ्याकाठी, धाकटा दुपारी घरी झोपलेला. संध्याकाळचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र. रोज गाव बदललं की हे जमतच नाही, कारण सामान जिथे जातं तिथे प्रत्येकाला जावं लागतं.

हे प्रश्न अडलेत:
ठिकाणं बरोबर निवडली आहेत का? अकराजणांना एकच मोठं घर घ्यावं की दोन लहान? मेचा शेवट की जूनचा मध्य? आणि रेल्वेचा कोणता पास घ्यावा? मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याचं झेरमाट गाव सुटतंय म्हणून दीर थोडे नाराज आहेत, त्यावर काही उपाय असला तर तोही सांगा.

———

रेल्वेवेडा:

आखणी आवडली. दिशा अगदी बरोबर धरली आहे. झुरिच विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे आणि तिथून लुझर्नला साधारण तासाभरात पोहोचता. लुझर्न ते इंटरलाकेन ही ब्रूनिग खिंडीवरून जाणारी थेट गाडी आहे, दोन तासांच्या आतबाहेर. चढावर ती दातेरी रुळावर चालते आणि वाटेत सरोवरांची रांगच लागते. गाडी बदलायची नाही, हे अकराजणांसाठी फार मोलाचं.

इंटरलाकेन ते माँत्रो डिसेंबर २०२२पासून गोल्डनपास एक्स्प्रेस थेट जाते. त्याआधी त्स्वाइझिमेनला गाडी बदलावीच लागायची, कारण तिथे रुळांची रुंदी बदलते. आता डब्यांची चाकंच रुंदी बदलून घेतात. सव्वातीन तासांच्या आसपासचा प्रवास आहे. म्हणजे मुक्काम हलवायचे दोन्ही दिवस हे वाया गेलेले दिवस नाहीत, ते सहलीतले दोन सर्वांत सुंदर प्रवास आहेत. गोल्डनपास एक्स्प्रेसचं आरक्षण आधी करा, अकरा जागा एकत्र आयत्या वेळी मिळत नाहीत.

झेरमाटसाठी मुक्काम हलवायची गरज नाही. इंटरलाकेनहून श्पीत्स आणि फिस्प अशा दोन ठिकाणी गाडी बदलून सव्वादोन-अडीच तासांत झेरमाट येतं. मधला ३४.६ किलोमीटरचा ल्योट्शबर्ग डोंगराच्या पायथ्याचा बोगदा २००७ साली सुरू झाला, म्हणून हे शक्य झालं. दीर, पुतणी आणि ज्यांना हौस आहे त्यांनी पहाटे निघावं, गोर्नरग्राटच्या माथ्यावर, म्हणजे ३,०८९ मीटरवर जावं, मॅटरहॉर्न डोळेभरून बघावा आणि रात्री जेवायला परत यावं. बाकीच्यांनी त्या दिवशी ब्रिएन्झच्या तळ्यात बोटीने फिरावं.

———

पायवाट:

मी दोनच मुक्काम सुचवेन. मूळ कल्पना कमी मुक्कामांची आहे, तर ती पूर्ण ताकदीने राबवा. लुझर्नच्या चार रात्री काढून इंटरलाकेनला द्या. लुझर्नकडचे टिटलिस आणि पिलाटस हे डोंगर सुंदर आहेत, पण आयगर-म्योंख-युंगफ्राऊ ही शिखरं समोर असताना त्यांच्यासाठी वेगळं घर लावायची गरज नाही. प्रत्येक स्थलांतरात सामान बांधणं, घर सोडणं, नवीन घराची किल्ली मिळेपर्यंत वाट पाहणं, पुन्हा वाणसामान भरणं यांत अर्धा दिवस तरी जातोच. तीन वर्षांचं मूल सोबत असेल तर जास्तच.

———

बर्नकर:

मी स्वित्झर्लंडमध्येच राहतो, म्हणून घरांबद्दल सविस्तर लिहितो. सहल सुखाची होते की नाही, ते निम्मं घरावर ठरतं.

एक मोठं घर की दोन लहान? दोन घ्या, पण एकाच इमारतीत किंवा हाकेच्या अंतरावर. दहा-बारा माणसांची घरं मुळातच कमी असतात. असतात ती बहुतेक जुन्या लाकडी डोंगरी घरांमध्ये (शॅले), म्हणजे आत अरुंद, चढे जिने, झोपायच्या खोल्या वर. तुमच्या आईंना ते जमणार नाही. दोन घरांत एक तळमजल्याचं किंवा लिफ्ट असलेलं बघता येतं. इथे पहिला मजला म्हणजे एक जिना चढून वर, हे लक्षात घेऊन जाहिरात वाचा.

खाटांची संख्या बघू नका, न्हाणीघरांची बघा. "आठजणांसाठी" म्हणून लिहिलेल्या घरात कित्येकदा एकच न्हाणीघर असतं आणि दोघांची सोय बैठकीच्या सोफ्यावर केलेली असते. पहिली गाडी पकडायची असेल तर एका न्हाणीघरात आठजण आवरणं होतच नाही.

हंगामात बरीच घरं शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने देतात. तुमच्या चार-सहा-चारच्या हिशेबात हे बसणार नाही. तेव्हा मधला इंटरलाकेनचा मुक्काम शनिवार ते शनिवार धरा आणि बाकीचे दोन त्याच्या आगेमागे बसवा. त्या दोन ठिकाणी स्वयंपाकघर असलेलं हॉटेल मिळालं तर मोकळेपणाने रात्री ठरवता येतील.

दाखवलेल्या भाड्यात शेवटची साफसफाई आणि पर्यटक कर धरलेला आहे का, ते विचारा. कर दरडोई दर रात्री असतो, अकराजणांचा मिळून बरा आकडा होतो. पण त्याच्या बदल्यात पाहुणा-कार्ड मिळतं, ते घरमालकाकडून मागून घ्यायला विसरू नका. इंटरलाकेनच्या कार्डावर स्थानिक बस फुकट असते, माँत्रो-व्हेवेकडे रिव्हिएरा कार्डावर बस आणि इतर सवलती मिळतात.

आणखी घरगुती गोष्टी. धुण्याचं यंत्र बहुतेक इमारतींत तळघरात सामाईक असतं आणि त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पहिल्याच दिवशी आपली पाळी विचारा. कचरा पुष्कळ ठिकाणी गावाच्या शिक्क्याच्या विकतच्या पिशवीतच टाकावा लागतो, साध्या पिशवीत टाकला तर दंड होतो. रात्री दहानंतर शांतता. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांमधली तेवढी उघडी. म्हणून शनिवारी नव्या घरात शिरलात की त्याच संध्याकाळी कोप किंवा मिग्रो या दुकानांमधून सोमवारपर्यंतचं सामान भरा. तांदूळ, मसूर, दही, भाज्या सगळं मिळतं. तूप-मिठाई सोबत आणू नका: युरोपबाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

नळाचं पाणी पिण्याचं असतं, गावातल्या कारंज्यांचंही, जिथे तशी मनाई लिहिलेली नसेल तिथे. बाटल्या भरून घेत चला.

———

धाकटी सून:

बर्नकर, मनापासून आभार. न्हाणीघरांचा मुद्दा जाऊबाईंना वाचून दाखवला, त्यांनी लगेच यादीतली तीन घरं खोडली.

पायवाट, तुमचं म्हणणं मी घरात मांडलं. पण लुझर्न मी मुद्दाम पहिलं ठेवलंय. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच दरीतल्या गावात जाऊन पडण्यापेक्षा पहिले दिवस सपाट, चालत फिरता येईल अशा शहरात काढावेत असं वाटतं. लाकडी चॅपल ब्रिज, जुनी पेठ, तळ्यातली वाफेची बोट. मुलांसाठी वाहतूक संग्रहालय आहे, तिथे नऊ वर्षांचा अख्खा दिवस काढेल. झोपेची घडी बसेपर्यंत कोणाला काही गाठायचं नाही.

आणि शेवटचा मुक्काम सासूबाईंसाठी आहे. त्यांना डोंगराचं तेवढं वेड नाही, पाण्याकाठी बसायला फार आवडतं. माँत्रोहून शियाँच्या किल्ल्यापर्यंत तळ्याच्या कडेने सपाट रस्ता आहे, वाटेत बाकं आहेत, आणि दमलं तर बस आहे. हे कापून डोंगरात आणखी चार दिवस घालायला मन होत नाही.

———

पायवाट:

सासूबाईंचं कारण असेल तर माझा विरोध मागे. लुझर्नला असताना रिगी चुकवू नका. लुझर्नहून बोटीने व्हिट्झनाऊ, तिथून दातेरी रुळाच्या गाडीने थेट माथ्यापाशी. ही युरोपातली पहिली पर्वतीय दातेरी रेल्वे, १८७१ची. वर सुमारे १,८०० मीटर उंची आहे, म्हणजे वयस्कांना श्वासाचा त्रास व्हायची शक्यता कमी, आणि गाडीतून उतरलं की दृश्य समोरच. उतरताना वेगिसकडची केबलकार घेता येते. मला विचाराल तर तुमच्या कुटुंबातल्या अकराच्या अकराजणांनी मिळून करायचा डोंगर हाच.

पिलाटसची अल्पनाखश्टाडकडून चढणारी गाडी ४८ टक्के चढाची आहे, जगातली सर्वांत उभी दातेरी रेल्वे. ती पुतणीला आवडेल. हिवाळ्यात बंद असते.

तारखांबद्दल: जूनचा मध्यच घ्या. मेमध्ये दरीत फुलं असतात आणि बर्फ वितळत असल्यामुळे लाउटरब्रुनेन दरीतले धबधबे भरून कोसळतात, हे खरं. पण वरचे रस्ते बर्फाखाली असतात. श्यीनिगे प्लाटेची जुनी गाडी, ब्रिएन्झर रोटहॉर्नची वाफेची गाडी या जूनमध्येच सुरू होतात. काही केबलकार वसंतात देखभालीसाठी बंद असतात. मुक्काम ठोकून आजूबाजूला फिरायचं असेल तर आजूबाजूचं सगळं उघडं हवं, नाहीतर चौथ्या दिवशी पर्याय संपतात.

———

स्टेथो:

डॉक्टर म्हणून दोन शब्द. युंगफ्राऊयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. २०२० सालच्या डिसेंबरपासून आयगर एक्स्प्रेस ही केबलकार सुरू झाली, तेव्हापासून खालून वर जायला वेळ आणखी कमी लागतो, आणि शरीराला जुळवून घ्यायला सवडच राहत नाही. हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्येष्ठांचं तिकीट काढू नका. सगळं ठीक असलं तरी वर हळू चालायचं, पाणी पीत राहायचं, डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं तर "पैसे भरलेत" म्हणून थांबायचं नाही, लगेच खाली यायचं.

तुमच्या आखणीत मला हेच सर्वांत चांगलं वाटलं की वर न जाणाऱ्याला घरी थांबायची सोय आहे. ज्येष्ठ मंडळी पुष्कळदा केवळ मुलांचा हिरमोड नको म्हणून "मला काही होत नाही" म्हणतात. त्यांच्यासाठी त्या दिवशीचा दुसरा, तितकाच आकर्षक कार्यक्रम ठरलेला असला की ती खरं सांगतात. मायरिंगेनची आरे नदीची घळ पाहा: दीड किलोमीटरच्या आतली, उंच कड्यांमधून जाणारी, बरीचशी सपाट पायवाट. तुमचे सासरे खूश होतील.

तीन वर्षांच्या मुलासाठी: लाउटरब्रुनेनजवळ डोंगराच्या पोटात असलेल्या ट्रुमेलबाखच्या धबधब्यांत चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, कडेवर घेऊनही नाही. तिथे दारात जाऊन परत फिरायला नको, आधीच दोन गट करा.

औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, डोंगरातल्या हवाई सुटकेचा १४१४. शेंगेन व्हिसासाठी लागणारा विमा किमान ३०,००० युरोंचा असतो, पण ज्येष्ठांचा त्याहून मोठा घ्या आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते वाचा.

———

हिशेबवही:

पासचा प्रश्न राहिलाच, तो मी घेते.

स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा असतो. रेल्वे, बस, बोटी, शहरांतली वाहतूक, पाचशेहून जास्त संग्रहालयं त्यात येतात. रिगी, स्टान्झरहॉर्न आणि श्टूस हे डोंगरही पूर्ण येतात. युंगफ्राऊयोखच्या वरच्या टप्प्यावर मात्र २५ टक्केच सवलत. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि जवळपास सगळीकडे निम्मं भाडं लागतं, युंगफ्राऊयोखलासुद्धा.

रोज गाव बदलणाऱ्यांना ट्रॅव्हल पास फायद्याचा. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे घरी बसायचे, तळ्याकाठी फिरायचे दिवस आहेत, आणि सलग पासात त्या दिवसांचेही पैसे जातात. शिवाय अकराजणांचा वापर एकसारखा नाही. मी प्रत्येकाचा वेगळा हिशेब करेन. दीर आणि पुतणीसारखे रोज भटकणारे ट्रॅव्हल पासवर किंवा बर्नर ओबरलांडच्या, म्हणजे इंटरलाकेनच्या आसपासच्या डोंगरी भागाच्या, प्रादेशिक पासवर. सासू-सासरे आणि आई हाफ फेअर कार्डावर. सगळ्यांचा एकच पास असावा असा काही नियम नाही.

आता महत्त्वाचं. सहा ते सोळा वर्षांखालच्या मुलांना स्विस फॅमिली कार्डावर प्रवास फुकट असतो, सहाखालच्यांना तर कार्डही लागत नाही. पण फॅमिली कार्ड आई किंवा वडील सोबत असतील तरच चालतं. तुमची सगळी योजना गट पाडण्यावर उभी आहे, म्हणून हे नीट बघा. आजी नातवाला घेऊन बोटीवर गेली, किंवा आत्यासोबत पुतणी झेरमाटला गेली, तर तिथे ते कार्ड लागू होत नाही, मुलाचं निम्म्या दराचं तिकीट काढावं लागतं. रक्कम फार नसते, पण तपासनीस आल्यावर आजींची धांदल नको. सकाळी गट पाडतानाच प्रत्येक मुलाचं तिकीट कोणाच्या फोनमध्ये आहे ते ठरवा.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार कोणी मांडलाच तर: अकराजणांना दोन गाड्या, दोन चालक, महामार्गाचं ४० फ्रँकचं स्टिकर, बारा वर्षांखालच्या, दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलांना बालआसनं. आणि वेंगेन, म्यूरेन, झेरमाट या गावांत गाडी नेताच येत नाही. मला रेल्वेच बरी वाटते.

खर्चाची वाटणी निघायच्या आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे घरभाडं आणि किराणा सामाईक आणि डोंगराची तिकिटं ज्याची त्याने असं ठरलं होतं. म्हणून वर न जाणाऱ्या काकूंना उगाच भार पडला नाही, आणि जाणाऱ्यांनाही संकोच वाटला नाही.

———

वाचनमात्र:

व्हिसाचं थोडं. मुख्य मुक्काम ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. तुमच्या सगळ्या रात्री स्वित्झर्लंडमध्येच असल्याने प्रश्न सोपा आहे. मधे एखादा दिवस लोझानहून बोटीने फ्रान्समधल्या एव्हियाँला गेलात तरी तो एकच शेंगेन प्रदेश आहे, वेगळा व्हिसा नको. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, आणि तिकडे फ्रँक नाही, युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क जून २०२४पासून प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५, सहाखाली काही नाही. मुलांबरोबर आई-वडिलांपैकी एकच जण येणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. अकराजणांची घरांची बुकिंगं एका-दोघांच्या नावावर असणार, तेव्हा पावतीवर सगळ्यांची नावं लिहून मागा.

———

धाकटी सून:

काल रात्री सगळे फोनवर एकत्र बसलो आणि हे ठरलं.

जूनच्या मध्याला निघायचं. मधला मुक्काम शनिवार ते शनिवार, म्हणजे सहाच्या जागी सात रात्री. इंटरलाकेन गावात न राहता एक स्टेशन पुढे विल्डर्सविलला दोन घरं बघतोय, एक तळमजल्याचं, एकाच आवारात. लुझर्न तीन रात्री, कारण पायवाट म्हणतात तसा वेळ डोंगराला द्यायला हवा. माँत्रोऐवजी व्हेवे: स्टेशन आणि तळ्याचा काठ जवळजवळ, आणि लाव्होच्या द्राक्षमळ्यांच्या उतरणी शेजारीच.

युंगफ्राऊयोखला तारीख नाही. सातपैकी जो दिवस मोकळा दिसेल तो. हंगामात जागा आरक्षित करावी लागते असं कळलं, म्हणून आदल्या संध्याकाळी हवामान बघून करायची, हे काम नणंदेने घेतलंय. सासरे म्हणाले, "मी रिगीला येईन, आरेच्या घळीत येईन, त्या वरच्या बर्फात मला नका नेऊ." हे त्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितलं, कारण दुसरा पर्याय समोर होता. स्टेथो, तुमच्यामुळे.

दीर-जाऊबाई आणि पुतणी झेरमाटला एक दिवस जाऊन येणार. पुतणी आई-वडिलांसोबतच असल्याने फॅमिली कार्डाचा प्रश्न मिटला. माझे दोघे मात्र आजीसोबत बोटीवर असतील त्या दिवशी मी किंवा नवरा बरोबर जाणार.

एक शंका राहिली. मोठ्या बॅगा स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर पाठवायची सोय असते ना? अकराजणांच्या बॅगा गोल्डनपासच्या डब्यात मावतील असं वाटत नाही.

———

रेल्वेवेडा:

असते. इंटरलाकेनला बॅगा सोपवायच्या, व्हेवेला घ्यायच्या. पण त्या तुमच्यासोबत त्याच गाडीने जात नाहीत, दोन दिवस आधी द्याव्या लागतात. म्हणजे शेवटच्या दोन रात्रींचे कपडे आणि औषधं लहान पिशव्यांत वेगळी काढा. एका बॅगेच्या वजनाला मर्यादा असते, ती आधी बघून घ्या. सगळ्या बॅगा पाठवू नका, चार-पाच मोठ्या पाठवल्या तरी पुरे.

विल्डर्सविल निवडलंत म्हणून एक सूचना. इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्टेशनहून सुटणारी गाडी त्स्वाइल्यूचिनेनला दुभंगते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावर आणि फलाटाच्या पाटीवर लिहिलेलं असतं. घाईत निम्मे पुढे, निम्मे मागे चढले तर अर्ध्या तासाने दोन वेगवेगळ्या दऱ्यांत उतराल. विल्डर्सविलला गाडी थोडाच वेळ थांबते, तेव्हा कोणत्या भागात चढायचं ते फलाटावरच ठरलेलं असू द्या.

———

धाकटी सून:

हे लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं. पुतणीने जबाबदारी घेतलीय: रोज सकाळी फलाटावर पाटी वाचून सगळ्यांना योग्य डब्यापाशी उभं करायचं. घरांची बुकिंगं या आठवड्यात करतेय, झाली की इथे लिहीन. व्हेवेच्या बाजूला जूनच्या शेवटी घरात उकडतं का, पंखे असतात का, हे कोणाला माहीत असेल तर सांगा. बहुतेक घरांत एसी दिसत नाही आणि आईला गरम सोसत नाही.

———

बर्नकर:

एसी घरांत नसतोच म्हटलं तरी चालेल. जूनच्या शेवटी तिकडे तिशीपुढे तापमान जाऊ शकतं. वरच्या, छपराखालच्या मजल्यावरचं घर घेऊ नका, ते सर्वांत तापतं. बाहेरून बंद होणारी झडपं आहेत का ते फोटोत बघा. दिवसा ती लावून घ्यायची, रात्री सगळं उघडायचं. पंखा घरमालकाला आधी लिहून मागितला तर ठेवतात. फार उकडलं तर दुपारी आईंना बोटीवर न्या, पाण्यावर वारा असतो.